धुण्याचं पाणी, शाळेचे पत्रे

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक आधी ‘काय?’ म्हणतात, मग ‘म्हणजे?’ म्हणतात, आणि मी समजावून सांगायला लागले की चहा येतो आणि विषय बदलतो. जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉस कुठं कुठं आहे ते शोधायचं, नकाशावर मांडायचं आणि त्याचं काय करायचं ते मालकाला सांगायचं, हे माझं काम. नांदेडात बिऱ्हाड आणि पायाला भिंगरी, अशी एकोणीस वर्षं काढली. सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, ‘सून पत्रे मोजायला जाते.’ त्यात फारसं खोटं नव्हतं.

ह्या कामात मी ठरवून आले नाही. माती आणि काँक्रीट तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. बाहेरच्या एका कंपनीनं नांदेडातलं जुनं गोदाम विकत घेतलं आणि ‘आधी ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे करून द्या’ अशी अट घातली. आमच्या साहेबांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं. तीन इंजिनिअरांनी ते एकमेकांकडं सरकवलं. माझ्यापाशी येऊन ते थांबलं, कारण माझ्या पलीकडं भिंत होती.

तर ॲस्बेस्टॉस म्हणजे काय? तो एक दगडच, पण कापसासारखा धाग्याधाग्यांचा. सिमेंटात कालवला की त्याचे नागमोडी पत्रे होतात. आपण त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो. स्वस्त, गंजत नाहीत, पावसात टिनासारखे वाजत नाहीत. मराठवाड्यातल्या निम्म्या शाळा, गिरण्या, गोदामं त्यांच्याखाली उभी राहिली. पत्रा शाबूत आहे तोवर तो गरीब गाय. तोडला, कापला, भोक पाडलं, कोरडा घासला की त्यातून बारीक धूळ सुटते. ती छातीत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी दुखणं काढते. माझं माहेर धर्माबादकडचं, मिरचीच्या बाजारात वाढलेली मी. मिरचीची धूळ निदान ठसका तरी देते. ही धूळ काहीच सांगत नाही.

म्हणून आमच्या कामात उत्साही माणूस नको असतो. नव्वद टक्के वेळा मालकाला एवढंच सांगायचं, ‘हात लावू नका, वर्षातून एकदा बघत जा.’ लोकांना हे पटत नाही. एवढ्या लांबून आल्या, शिडीवर चढल्या, तुकडा पिशवीत घालून नेला, आणि सांगतात काय, तर काही करू नका!

काही न करण्याचं महत्त्व मलाही उशिराच कळलं. उदगीरच्या एका तेलाच्या गिरणीत बॉयलरच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचा लेप होता. श्रावणात मी तो तपासला, ‘स्थिती उत्तम, हलवू नये’ असा शेरा मारला आणि नांदेडला परत आले. दसरा झाल्यावर सहज डोकावले तर तिथले फोरमन शिवलिंगअप्पा हसत सामोरे आले. “या या मॅडम, बघा तर खरं, कसं नवं करून टाकलंय!” खंडेनवमीच्या पूजेसाठी गड्यांनी तारेच्या ब्रशानं सगळे नळ घासून पांढरेशुभ्र केले होते. वरून हळदकुंकू, झेंडूचे हार. माझ्या पायाखालची जमीन सरकली. वर्षानुवर्षं हे लोक यंत्राची पूजा करतात, पूजेआधी ते घासतात, हे मला लहानपणापासून माहीत. पण सर्व्हे करताना ते डोक्यातच आलं नाही. पुस्तकात खंडेनवमी नव्हती ना! दोन दिवस गिरणी बंद ठेवून ओल्या फडक्यांनी सगळं पुसून घ्यावं लागलं. पुढच्या वर्षीपासून मी नवरात्राच्या आधी जायला लागले आणि अप्पांना म्हणाले, “घासायचं नाही. पूजेला म्हणून रंगाचा एक हात द्या.” रंगानं लेप झाकला जातो, धूळ सुटत नाही. अप्पांनी ते इतकं मनावर घेतलं, की ब्रशाला हात लावणाऱ्या गड्याला ते देवाची शपथ घालायचे. त्या आधीच्या दसऱ्यांना त्यांच्या छातीत किती गेलं असेल, ते मात्र मला कधीच कळणार नाही.

पण मला सांगायचंय ते लातूरचं.

लातुरात एका जुन्या मुलींच्या शाळेच्या पाच वर्गांवर सिमेंटचे पत्रे होते. कडा झिजलेल्या, दोनतीन ठिकाणी तडे, आणि खाली पोरी डबे खायच्या. इथं ‘हात लावू नका’ म्हणून चालणार नव्हतं. मुख्याध्यापिका बिरादार बाई निवृत्तीला आल्या होत्या. मे महिन्याची अखेर हा त्यांचा शेवटचा दिवस. माजी विद्यार्थिनींकडून त्यांनी नव्या छताची सोय करून घेतली होती. संस्थेच्या मंडळींचं म्हणणं पडलं, एवढा सर्व्हेबिर्व्हे कशाला? ठेकेदार छातीवर हात ठेवून सांगत होता, “मॅडम, चार गडी, चार हातोडे, दोन दिवसांत मोकळं करून देतो.”

बाईंनी मला ऑफिसात बसवून सांगितलं, “जाधव मॅडम, मी खुर्चीत आहे तोवर हे काम नीट होईल. माझ्यानंतर येणारा माणूस चांगला आहे, पण त्याला भांडायची सवय नाही. तो फोडू देईल.” शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद गल्ली होती. घरं इतकी जवळ, की वर्गातला पाढा तिथल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. हातोडा पडला असता तर सगळी धूळ त्या घरांत गेली असती. आमच्या हातात सोळा दिवस होते.

नीट काम म्हणजे काय, तर पत्रा आधी ओला करायचा म्हणजे धूळ उडत नाही. मग बोल्ट काढायचे, पत्रा अख्खा खाली उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि घातक कचरा पुरायची सरकारमान्य जागा असते तिथं पाठवायचा. पत्रे काढायला मी गफूरचाचांना बोलावलं. वय सत्तरीकडं झुकलेलं, अंगानं वाळकी काडी, पण पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. छत बघून ते म्हणाले, “बेटी, हे मीच बसवलंय. माझ्या लग्नाच्या साली.” आणि वर बोट करून कुठला बोल्ट वाकडा बसलाय तेही दाखवलं. मी चढून बघितलं. वाकडाच होता.

आता माझी चूक ऐका. पुस्तकात लिहिलं होतं, पाण्याच्या नळीनं छत भिजवा. मी ठेकेदाराला टँकर मागवायला सांगितलं. मराठवाड्याची लेक मी, आणि मे महिन्यात लातुरात टँकर मागवून छतावर पाणी ओतायला निघाले! गल्लीत नळाला नऊ-दहा दिवसांनी एकदा पाणी येत होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तक वाचता वाचता मी विसरले.

पहिल्या दिवशी सकाळी टँकर लागला, नळी वर गेली आणि पाण्याची पहिली धार पत्र्यावर पडली. पाचव्या मिनिटाला गल्लीतल्या बायका शाळेच्या फाटकात. सगळ्यांत पुढं मंगलबाई. चाळिशीच्या, धिप्पाड, कमरेला पदर खोचलेला, हातात रिकामी घागर. त्यांचं घर शाळेच्या भिंतीला अगदी चिकटून.

“ओ मॅडम, काय करायलाव हे?”

“पत्रे ओले करतोय, बाई.”

“आमची लेकरं नऊ दिस झालं नीट अंघोळ न्हाई केली, अन् तुमी पत्र्याला अंघोळ घालायलेत? लाज न्हाई वाटत?”

त्यांनी घागर टँकरच्या चाकासमोर आदळली आणि स्वतः तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. बाकीच्या बायकाही बसल्या. टँकरवाल्यानं मुकाट्यानं नळी बंद केली. मी त्यांना दगडाचे धागे, फुप्फुसं, वीस वर्षं, सगळं सांगितलं. तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं. पण वीस वर्षांनी होणाऱ्या दुखण्याची भीती तहानलेल्या माणसाला कशी घालायची? ठेकेदार माझ्यामागं उभा राहून गालात हसत होता. “बघा मॅडम, मी म्हणलो होतो ना. हातोडेच बरे.”

मला त्याचा असा राग आला! आणि रागाच्या भरात मी जे बोलू नये तेच बोलून बसले. “बाई, ह्या पाण्यात अजून साबण घालायचाय मला! नुसतं पाणी पत्र्यावरून घरंगळतं. साबणाचं पाणी आत मुरतं, असं पुस्तकात आहे.”

मंगलबाई ताडकन उठल्या. “साबण? चांगल्या पाण्याची नासाडी करून वर साबण घालणार? अगं, आमी धुण्याचं पाणीसुदिक फेकत न्हाईत! साबणाचं पाणी बादलीत धरून ठेवताव, त्यानं अंगण धुताव, संडासात टाकताव. अन् ही बया चांगल्या पाण्याचं साबणपाणी करून...”

त्या बोलता बोलता थांबल्या. मीही थांबले. गफूरचाचा शिडीवरून खाली बघत होते, ते सावकाश म्हणाले, “मंगल, रोज किती बादल्या निघतात गल्लीत?”

अर्ध्या तासात ठरलं. एक दिवसाआड येणाऱ्या टँकरचं पाणी गल्लीनं भरून घ्यायचं आणि गल्लीचं धुण्याचं पाणी शाळेला द्यायचं. बिरादार बाईंनी स्वतः उभं राहून घागरी रांगेत लावल्या. “ओळ सोडायची नाही,” असं त्या बायकांना म्हणत होत्या. त्यातल्या अर्ध्या त्यांच्याच विद्यार्थिनी, सगळ्या गुमान ओळीत उभ्या राहिल्या. मंगलबाईसुद्धा.

नळी आम्ही सोडूनच दिली. चाचांच्या भाच्यानं फवारणीचे दोन कोरे पंप आणले, शेतात पाठीवर घेतात ते. पंपानं बारीक तुषार उडतो, पत्रा ओला होतो आणि खाली थेंब गळत नाही. एका टँकरचं काम आठ-दहा बादल्यांत व्हायला लागलं. ही अक्कल मला आधी सुचायला हवी होती. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, फवारणीचा पंप काय पाहिला नव्हता?

मग रोजचा क्रम बसला. सकाळी सहाच्या आधी घराघरांतून बादल्या बाहेर. चाचा जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी गाळून घ्यायचे, नाहीतर पंपाचं तोंड तुंबायचं. फेस बघून ते घर ओळखायचे. “ही मंगलची. हात सढळ आहे बाईचा.” गल्लीतल्या खिडक्या दहा वाजेपर्यंत बंद ठेवायच्या, कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, हे मी सांगितलं होतं. पण ते पाळून घेतलं मंगलबाईंनी. एका म्हाताऱ्यानं उकडतंय म्हणून खिडकी उघडली तर ह्या बाहेरूनच ओरडल्या, “मामा, वीस वर्सांनी खोकायचंय का?” म्हातारा म्हणाला, “वीस वर्सं मी कशाला जगतो?” “तुमी न्हाई, तुमचा नातू जगतो!” खिडकी बंद झाली. मला जे अर्धा तास बोलून जमलं नाही ते त्यांनी एका ओळीत केलं.

चाचांचं काम तर बघत राहावं असं. पत्र्यावर पाय कधीच नाही, आडव्या टाकलेल्या फळीवरच. “पत्रा सांगून फुटत नाही,” असं म्हणायचे. गंजलेले बोल्ट ठोकायचे नाहीत, कटरनं हळू कापायचे. अंगात पांढरा डगला, तोंडावर मास्क, वरून लातूरचं ऊन, त्यामुळं दहाला काम बंद. चार माणसं पत्रा दोरानं खाली सोडायची तेव्हा चाचा तोंडानं काही बोलत नसत, फक्त हाताचा पंजा हलवत. पाच वर्गांच्या छतातला एक पत्रा फुटला नाही, फक्त एकाचा कोपरा गेला. त्या दिवशी चाचा जेवले नाहीत. एवढ्या वर्षांत मी मोठमोठ्या शहरांतून आलेल्या कंपन्यांची कामं पाहिली, पण असा हात पाहिला नाही.

शेवटचा दिवस उजाडला. पाचव्या वर्गावरच्या दोन ओळी राहिल्या होत्या. बाईंचाही शाळेतला शेवटचा दिवस. संध्याकाळी त्यांना चार्ज द्यायचा होता, आणि ठेकेदाराचे हातोडे कोपऱ्यात तयार होते. त्यानं संस्थेकडून कबूल करून घेतलं होतं, बाई असेपर्यंत जे उतरेल ते उतरेल, उरलेलं तो त्याच्या पद्धतीनं पाडेल. आणि मधे एकदा संध्याकाळी येऊन गेलेलं नळाचं पाणी नेमकं त्याच पहाटे पुन्हा आलं.

नळाला पाणी आलं म्हणजे लातुरात सगळं थांबतं. गल्लीतली प्रत्येक बाई भरायला लागलेली. आधी प्यायचं, मग टाकी, मग पातेली, वाट्यासुद्धा. धुणं दुपारनंतर. आणि धुवायला उरलं होतं तरी काय, पंधरा दिवस आमच्यासाठी रोज धुणं काढून सगळी घरं स्वच्छ झालेली. साडेसात वाजले तरी फाटकाबाहेर एकही बादली नाही. चाचा फळीवर बसून होते. बिरादार बाई पाचव्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या.

मी मंगलबाईंच्या दारात गेले. आता चांगलंच पाणी द्या म्हणावं, इतक्याला आले होते. बघते तर त्या मोरीत बसून गोधड्या चोळत होत्या. एक झाली, दुसरी घेतली. शेजारच्या दोघी-तिघी त्यांच्या त्यांच्या मोरीत तेच करत होत्या. ह्याच गोधड्या मागच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर वाळत होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या.

“मंगलबाई, धुतलेल्याच आहेत की ह्या!”

“मग? उन्हाळ्यात गोधड्या दोनदा धुतल्या तर काय पोलीस धरतेत का?”

“अहो, त्यापेक्षा एक घागर सरळ द्यायची होती.”

त्यांनी हात थांबवला. “चांगलं पाणी पत्र्यावर पडू देणार न्हाई म्हणलंय मी. गल्लीसमोर म्हणलंय. शब्द हाय का न्हाई काही?” आणि गोधडीचा पिळा बादलीत पिळला. “उचला ही. चाचाला म्हणावं आज फेस लई हाय, पाणी घालू नको.”

मला तिथंच रडू आलं. बाईमाणूस असून मी कामावर कधी रडले नव्हते, पण त्या दिवशी बादली उचलून चालताना पुढचं दिसत नव्हतं.

सव्वादहाला शेवटचा पत्रा खाली आला. चाचांनी तो स्वतः प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टी लावली, त्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. बिरादार बाई आत आल्या. वर मोकळं आभाळ, फळ्यावर ऊन. त्यांनी रजिस्टरवर सही केली, तारीख घातली आणि चाचांना म्हणाल्या, “गफूरभाई, माझ्या पोरी वाचवल्यात तुम्ही.” चाचांनी गल्लीकडं बोट केलं. ठेकेदार हातोडे टेम्पोत भरून घेऊन गेला.

संध्याकाळी निरोपाचा पेढा घेऊन मी मंगलबाईंकडं गेले. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं, पेढा देवापुढं ठेवला. मग समोर बसल्या.

“मॅडम, एक विचारू का? खरं सांगा.”

“विचारा.”

त्यांनी वर बघितलं. मीही वर बघितलं. सोळा दिवस मी ह्या घराच्या दारात येत-जात होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. तेच सिमेंटचे पत्रे. पंख्याच्या हुकासाठी पाडलेलं भोक, धुरानं काळवंडलेल्या कडा. खाली गोधडीवर त्यांची नात झोपलेली.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेले नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराचं छत तपासलं, नकाशा काढला, पत्र्यांना नंबर दिले. नवं भोक पाडू नका, जुनं भरून घ्या, आतून रंग द्या, वर चढू नका, झाडू नका, हे सगळं सांगितलं. मंगलबाई माझ्यामागून प्रत्येक घरात येत होत्या आणि मी सांगितलेलं पुन्हा एकदा दरडावून सांगत होत्या. तेव्हापासून दर वर्षी मी जाते. निवृत्त झाले तरी जाते. भोकं बुजलेली असतात, रंग दिलेला असतो, एकाही घरात कोरडा झाडू छताला लागत नाही. एवढी काटेकोर निगा मी कंपन्यांच्या गोदामांत पाहिली नाही. पण पत्रे तेच आहेत, आणि दर वर्षी वयानं झिजतायत.

ह्या वर्षी गेले तर मंगलबाईंची नात दारात अभ्यास करत होती, त्याच शाळेचं दप्तर शेजारी. मी तपासलं आणि खरं ते सांगितलं. आता रंगानं भागणार नाही, हे पत्रे उतरवायला हवेत, सगळ्या गल्लीचे. मंगलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“पाणी हाय आमच्याकडं,” त्या म्हणाल्या. “नवे पत्रे कोण देणार, तेवढं सांगा.”